एकसष्ट दिवस बंद पॅनल आणि उडालेला प्रोग्राम : बर्फ कारखान्यातल्या पीएलसीचं प्रकरण

गोव्यात १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारीला बंदी असते. ट्रॉलर जेटीला लागतात आणि त्यांना बर्फ पुरवणारे कारखानेही थंडावतात. कंडेन्सर साफ करणं, अमोनियाच्या लाइनला रंग देणं, बर्फाचे गंजलेले डबे बदलणं ही कामं याच दोन महिन्यांत उरकतात. वीज वाचावी आणि जूनच्या विजांपासून पॅनल सांभाळावं म्हणून बरेच जण मेन स्विचच खाली ओढतात. सासष्टीतल्या एका जेटीजवळच्या कारखान्यातही तसंच केलं होतं. १ ऑगस्टला ट्रॉलर निघायचे म्हणजे आदल्या दिवशी बर्फ त्यांच्या पोटात जायला हवा. ब्राइनचं, म्हणजे लाद्या गोठवणाऱ्या खाऱ्या पाण्याचं, तापमान खाली उतरायला दोन दिवस आणि लादी गोठायला जवळपास एक दिवस लागतो, म्हणून २७ जुलैला सकाळी मेन स्विच चढवला.

पंप, कॉम्प्रेसर, अॅजिटेटर (ब्राइन ढवळणारा पंखा) यांपैकी काहीही हललं नाही. पॅनलमध्ये मित्सुबिशीचा एफएक्स२एन-४८एमआर हा पीएलसी, म्हणजे सगळी मशीन चालवणारा छोटा औद्योगिक संगणक, आहे. त्याला २४ इनपुट आणि २४ रिले आउटपुट आहेत, बाजूला ब्राइनचं तापमान वाचणारं ४एडी-पीटी मॉड्यूल आहे. पीएलसीच्या तोंडावर पॉवरचा हिरवा दिवा होता, रनचा दिवा विझलेला होता, बॅट-व्ही तांबडा लागलेला होता आणि त्याखालचा प्रोग-ई/सीपीयू-ई हा दिवा लुकलुकत होता. हा दिवा स्थिर लागला तर बिघाड सीपीयूकडे असतो, लुकलुकला तर प्रोग्राममध्ये. इथे तो लुकलुकत होता. कारखान्याच्या भाषेत प्रोग्राम उडाला होता.

या पीएलसीत ८००० स्टेपची मेमरी आतच असते, पण ती रॅम आहे. वीज गेली की तिला जिवंत ठेवायला झाकणाआड ३.६ व्होल्टची एफ२-४०बीएल ही लिथियम बॅटरी असते. प्रोग्राम, लॅच असलेले (वीज गेल्यावरही आकडा धरून ठेवणारे) डी रजिस्टर म्हणजे आकड्यांचे कप्पे, लॅच रिले आणि घड्याळ हे सगळं त्या एका बॅटरीच्या जिवावर चालतं. मेन चालू असताना बॅटरीवर भार पडत नाही, त्यामुळे बॅटरी पूर्ण मेलेली असली तरी मशीन वर्षभर बिनबोभाट चालतं. बॅटरी लागते ती मेन बंद झाल्यावरच. रोज काही मिनिटं वीज जाणाऱ्या कारखान्यात तिच्यावरचा भार किरकोळ असतो. बंदीच्या काळात मात्र सलग १४०० तासांहून जास्त वेळ तिलाच मेमरी धरून ठेवावी लागते.

मॅन्युअलप्रमाणे बॅट-व्ही लागल्यानंतर प्रोग्राम साधारण महिनाभर टिकतो, आणि बंदी आहे दोन महिन्यांची. म्हणजे मे अखेरीस दिवा लागलेला असेल तर जुलैत प्रोग्राम मिळण्याची आशा धरू नये. पण ऑपरेटर ठामपणे सांगत होता, "तांबडा दिवा? तो कधीच लागला नाही, रोज पॅनल उघडतो मी." तो खरं सांगत होता, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

आधी काय वाचलं, मग काय पुसलं

अशा वेळी फोनवर पहिला सल्ला मिळतो तो मेमरी क्लिअर करून बघण्याचा. तो पाळू नये. रॅममधला मजकूर एकदम पुसला जात नाही, तो तुकड्यातुकड्यांनी बिघडतो. साठवलेला मजकूर टिकायला रॅमच्या चिपला सुमारे २ व्होल्ट लागतात. व्होल्टेज त्याच्या आसपास रेंगाळलं तर काही बिट उलटतात, काही शाबूत राहतात. त्यामुळे लॅपटॉप, पीएलसीला जोडायची एससी-०९ केबल आणि प्रोग्राम वाचायचं-लिहायचं जीएक्स डेव्हलपर हे सॉफ्टवेअर घेऊन सगळ्यात आधी जे मिळेल ते वाचून घेतलं. प्रोग्राम अर्धवट आला. पॅरामीटर एररचा कोड ६४०१ दिसला, म्हणजे प्रोग्राम आणि पॅरामीटरची बेरीज जुळत नव्हती. डी रजिस्टरही वाचून फाइल ठेवली. तिचा उपयोग कमी झाला, पण शून्य नाही. काही सेटिंग ओळखू येण्याइतकी शाबूत निघाली आणि लॉगबुकातल्या आकड्यांशी ती पडताळता आली.

वाचन झाल्यावर मेन बंद केला आणि बॅटरी काढली. मीटरवर २.१ व्होल्ट आले. बॅटरीच्या छोट्या पांढऱ्या कनेक्टरच्या एका पिनेवर हिरवट पूड जमलेली होती, नखाने खरवडली तर सुटत होती. ओलाव्यासोबत अमोनिया तांब्या-पितळेला खातो, त्यात ब्राइनचं क्षार आणि समुद्राची हवा. बर्फ कारखान्याच्या पॅनलमध्ये केबल ग्लँड उघडे राहिले की हे होणारच. या वेळी दोष बॅटरीच्या वयाचा होता, सात वर्षांत ती बदललेलीच नव्हती. पण नुसती नवी बॅटरी घालून ती पूड तशीच ठेवली असती, तर पुढच्या बंदीत नव्या बॅटरीचं व्होल्टेजही पीएलसीपर्यंत नीट पोचलं नसतं. पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ केल्या आणि मोकळे ग्लँड बुजवले.

जुनी फाइल आणि त्यातली एक ओळ

कारखान्याकडे बॅकअप नव्हता. वेर्ण्याच्या ज्या पॅनलवाल्याने पॅनल बांधलं, त्याच्या जुन्या संगणकावर फाइल मिळाली, पण ती उभारणीच्या वेळची होती. त्यानंतर जागेवर तीन बदल झाले होते : अॅजिटेटर सुरू होण्याआधीचा विलंब, दोन कॉम्प्रेसर आलटून पालटून आधी सुरू होण्याची रचना, आणि डब्यांची रांग उचलणाऱ्या क्रेनचा पाणी भरणाऱ्या व्हॉल्व्हशी इंटरलॉक. पॅनलच्या दारातल्या ड्रॉइंगवर हे बदल पेनाने लिहिलेले होते, म्हणून निभावलं. रॅममधून आलेल्या अर्धवट लॅडरमध्ये (शिडीसारख्या मांडलेल्या प्रोग्राममध्ये) कॉम्प्रेसरच्या आलटापालटीचा भाग बऱ्यापैकी ओळखता येत होता. आधी वाचून घेतल्याचा फायदा तो हा.

जुनी फाइल उघडताच लॅडरच्या दुसऱ्याच पायरीत ही ओळ दिसली :

एलडी एम८०००
आउट एम८०३०

एम८००० हा रनमध्ये कायम चालू असणारा रिले आहे. एम८०३० चालू केला की बॅटरी कमी झाली तरी बॅट-व्हीचा दिवा लागत नाही. ऑपरेटरला तांबडा दिवा कधीच का दिसला नाही, याचं उत्तर हे. २७ जुलैला तो दिसला, कारण प्रोग्राम मेल्यावर दिवा विझवणारी ओळही मेली.

ही ओळ कुणी मुद्दाम खोडी म्हणून घातलेली नसते. ईईप्रॉम कॅसेट (बॅटरीशिवाय मजकूर धरणारं सुटं मेमरी मॉड्यूल) लावून बॅटरीशिवाय पीएलसी चालवायचा असेल तर एम८०३० वापरायची पद्धत आहे. इथे मूळ योजनेत कॅसेट होती, ड्रॉइंगच्या सामानाच्या यादीत तिचं नाव आहे. पॅनल बांधताना कॅसेट गळली, ओळ मात्र राहिली. आपल्या पॅनलमध्ये हे आहे का, ते आजच तपासा. जीएक्स डेव्हलपरमध्ये एम८०३० शोधायला अर्धं मिनिट पुरतं. ती ओळ सापडली आणि कॅसेट नसली, तर दिवा विझलेला आहे यावरून बॅटरीबद्दल काहीच कळत नाही.

प्रोग्राम परत चढवणं

नवी बॅटरी घातली, एम८०३०ची ओळ काढली, तीन बदल पुन्हा लिहिले आणि प्रोग्राम पीएलसीत चढवला. तेवढ्यावर रन दाबायचं नसतं. प्रोग्राम लिहिल्याने डी रजिस्टर पुसले जात नाहीत, त्यांत बिघडलेला कचरा तसाच असतो. डब्यांच्या प्रत्येक रांगेत पाणी भरून किती मिनिटं झाली हे एकेका रजिस्टरमध्ये मोजलं जातं, आणि सातव्या रांगेच्या रजिस्टरमध्ये २३१०९ मिनिटं दिसत होती. तसंच रन केलं असतं तर रिकाम्या रांगेवर "लादी तयार"चा दिवा लागला असता. ब्राइनचा सेटपॉइंट तर याहून धोक्याचा. तो −१० अंशांऐवजी एखादा वेडावाकडा आकडा असेल तर कॉम्प्रेसर थांबण्याचं नाव घेणार नाही आणि ब्राइन कॉइलवरच गोठू लागेल. म्हणून आधी एम८०३२ने लॅच मेमरी साफ केली, मग लॉगबुकातून एकेक सेटिंग हाताने भरली. ४एडी-पीटी दहाव्या हिश्श्यात अंश देतं, त्यामुळे −१० अंशांसाठी −१०० भरावं लागतं. ही चूक घाईत हमखास होते.

मग मोटरचे सगळे एमसीबी (छोटे सर्किट ब्रेकर) खाली ठेवून फक्त कंट्रोल सप्लायवर एकेक आउटपुट लॅपटॉपवरून मुद्दाम चालू (फोर्स) केला आणि कोणता कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरला वीज देणारा स्विच, ओढला जातो ते ड्रॉइंगशी ताडलं. इनपुट उलट बाजूने तपासले : फ्लोट हाताने उचलायचा, लिमिट स्विच दाबायचा आणि पीएलसीवर दिवा पाहायचा. अमोनियाचे हाय प्रेशर आणि ऑइल प्रेशर कटआउट (दाब बिघडला की कॉम्प्रेसर बंद करणारे स्विच) पीएलसीवर अवलंबून नव्हते, ते थेट कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या वायरीत होते. रचना अशीच असायला हवी. ज्या कारखान्यात हे कटआउट फक्त पीएलसीच्या इनपुटला दिलेले असतील, तिथे मेमरी बिघडलेल्या पीएलसीवर कॉम्प्रेसर चालवणं जिवावर बेतू शकतं.

२८ जुलैच्या रात्री कॉम्प्रेसर सुरू झाले.

बॅटरी, रॅम कॅसेट की ईईप्रॉम?

पुढच्या बंदीसाठी काय करायचं, यावर तीन सूचना आल्या. पहिली, दर पाच वर्षांनी बॅटरी बदलायची आणि बाकी काही करायचं नाही. दुसरी, रॅम कॅसेट घालायची. तिसरी, ईईप्रॉम कॅसेट.

रॅम कॅसेटबद्दल गैरसमज फार आहे. मॉड्यूल वेगळं दिसतं म्हणून त्यात स्वतःची बॅटरी आहे असं वाटतं. एफएक्स-रॅम-८ मध्ये ती नसते, कॅसेटही पीएलसीतल्या त्याच बॅटरीवर जगते. उलट भार वाढतो आणि जी बॅटरी पाच वर्षं टिकते ती तीन वर्षांवर येते.  बंदीत पॅनल बंद ठेवणाऱ्याला रॅम कॅसेटचा काही फायदा नाही.

एफएक्स-ईईप्रॉम-८ निवडली. कॅसेट लावल्यावर पीएलसी आतली रॅम बाजूला ठेवतो आणि कॅसेटमधला प्रोग्राम चालवतो. तिला टिकायला बॅटरी लागत नाही. घालताना आणि काढताना पॉवर बंदच हवी. कॅसेटवर राइट प्रोटेक्टचा बारीक स्विच असतो, लिहिताना तो ऑफ आणि लिहून झाल्यावर ऑन.

पण इथेच बहुतेकांचा घात होतो. कॅसेट प्रोग्राम सांभाळते, डी रजिस्टर सांभाळत नाही. डी२०० पासूनचे लॅच रजिस्टर पीएलसीच्या आतल्या रॅममध्येच राहतात आणि बॅटरीवरच जगतात. कॅसेट लावून निर्धास्त झालेला माणूस पुढच्या जुलैत येतो, रनचा हिरवा दिवा पाहून खूश होतो आणि मशीन चुकीच्या सेटिंगवर सुरू होतं. प्रोग्राम उडालेला असतो तेव्हा निदान मशीन हलत नाही. सेटिंग उडालेली असते तेव्हा ते चालतं. आमच्या मते ही अवस्था जास्त वाईट.

म्हणून डेटा तीन भागांत वाटला.

सेटिंग, म्हणजे सेटपॉइंट, विलंब, रांगेचा गोठण्याचा वेळ, वर्षातून एकदोनदाच बदलतात. ती फाइल रजिस्टरमध्ये नेली. पॅरामीटरमध्ये फाइल रजिस्टरचा एक ब्लॉक घेतला की डी१००० ते डी१४९९ हे ५०० रजिस्टर प्रोग्रामच्या मेमरीत, म्हणजे कॅसेटवर, राहतात. बदल्यात प्रोग्रामच्या ५०० स्टेप कमी होतात, इथे जागा भरपूर होती. पॉवर आल्यावर आणि स्टॉपवरून रनला जाताना ते आकडे आपोआप डेटा मेमरीत उतरतात. जीएक्स डेव्हलपरमधून लिहिताना फाइल रजिस्टरचा चौकोन वेगळा टिक करावा लागतो, तो विसरला तर प्रोग्राम नवा आणि सेटिंग शून्य अशी गत होते.

एक गोष्ट ऑपरेटरला नीट समजावून सांगावी लागली. स्क्रीनवरून डी१००० बदलला तर तो डेटा मेमरीतला आकडा बदलतो, कॅसेटवरचा नाही. पुढच्या वेळी वीज जाऊन आली की जुना आकडा परत येतो. बीमोव्ह (आकड्यांचा गठ्ठा एकीकडून दुसरीकडे नेणारी आज्ञा) वापरून स्क्रीनवरच्या बटणाने कॅसेटवर लिहिण्याची सोय करता येते, पण मग प्रोटेक्ट स्विच कायम ऑफ ठेवावा लागतो. शिवाय कॅसेटवर लिहिण्याला १०,००० वेळांची मर्यादा आहे. बीमोव्ह पल्स न करता (बटण दाबताच एकदाच चालेल असा न लिहिता) साधा लिहिला आणि बटण दाबलेलं राहिलं, तर दर स्कॅनला, म्हणजे प्रोग्रामच्या प्रत्येक फेरीला, लेखन होऊन ही मर्यादा काही मिनिटांत संपू शकते. इथे बटण दिलंच नाही. कायमचा बदल लॅपटॉपवरून करायचा आणि स्विच ऑन ठेवायचा.

दुसरा भाग चालू डेटाचा : प्रत्येक रांगेत पाणी भरून किती मिनिटं झाली. एम८०१४ च्या मिनिटाच्या पल्सवर डी२०० ते डी२१९ वाढत जातात. हे दर मिनिटाला बदलणारे आकडे कॅसेटवर लिहायचे नसतात, ते बॅटरीवरच राहिले. बॅटरीचं खरं काम हेच आहे : भर मोसमात, पावसात फीडर तासभर गेला तरी रांगेचा हिशोब चुकू नये.

तिसरा भाग विश्वासाचा. डी५०० मध्ये १२३४ हा आकडा ठेवला. रन सुरू होताच एम८००२ च्या पहिल्या स्कॅनला तो तपासला जातो. आकडा वेगळा निघाला, तर लॅच डेटा बिघडला असं धरून प्रोग्राम रांगांची मिनिटं शून्य करतो, "लादी तयार"चे दिवे अडवतो आणि हूटर वाजवतो. ऑपरेटरने पाटीवर खडूने लिहिलेल्या भरणीच्या वेळा स्क्रीनवर भरून बटण दाबलं की १२३४ परत लिहिला जातो. अख्ख्या दुरुस्तीत सगळ्यात कमी मेहनतीचं आणि सगळ्यात उपयोगी काम हे ठरलं.

एम८००५, म्हणजे बॅटरी कमी झाल्याचा रिले, दारावरच्या पिवळ्या दिव्याला जोडला. डी८००५ मध्ये बॅटरीचं व्होल्टेज दहाव्या हिश्श्यात मिळतं, ३६ म्हणजे ३.६ व्होल्ट. ते स्क्रीनवर आणलं.

हे सगळं लिहून झाल्यावर मुद्दाम बॅटरीचा कनेक्टर काढला आणि मेन रात्रभर बंद ठेवला. सकाळी प्रोग्राम रनमध्ये आला, सेटपॉइंट −१०० होता, डी५०० मध्ये भलताच आकडा होता आणि हूटर वाजला. ही चाचणी केल्याशिवाय कॅसेटवर भरवसा ठेवू नये.

बॅटरी घेताना आणि बदलताना

थायोनिल क्लोराइड प्रकारच्या लिथियम सेलचं व्होल्टेज शेवटपर्यंत जवळपास सपाट राहतं आणि अखेरीस पटकन कोसळतं. नुसता मीटर लावून ३.६ दिसले म्हणून सेल ताजा आहे असं समजू नये, आयुष्याची नव्वद टक्के वाट संपलेला सेलही तेवढेच दाखवतो. उलट, दुकानात वर्षानुवर्षं पडून राहिलेला नवा सेल भार लावताच क्षणभर खाली जातो आणि सावरतो. लिथियमवर लिथियम क्लोराइडचा पापुद्रा धरलेला असतो, त्याचा हा परिणाम. त्यामुळे मीटरपेक्षा तारीख महत्त्वाची. उत्पादनाची तारीख पाहून घ्या आणि बसवल्याची तारीख पॅनलवर मार्करने लिहा. कॉम्प्रेसरच्या खोलीतलं पॅनल उन्हाळ्यात तापतं, आणि उष्णतेने सेल आपोआप झिजण्याचा वेग वाढतो. इथे पाचऐवजी चार वर्षं ठरवली आहेत.

वायर जोडून दिलेले सुटे सेल बाजारात मिळतात. त्यांत कनेक्टरची दिशा उलटी निघू शकते, घालण्याआधी मीटरने धन-ऋण ताडून घ्या. ३.६ व्होल्टचा रिचार्जेबल निकेल-कॅडमियम पॅक त्या जागी चालत नाही. लिथियम सेलवर थेट सोल्डर करू नका, तो फुटू शकतो.

एफएक्स२एनमध्ये बॅटरी बदलताना पॉवर बंद करायची, जुना कनेक्टर काढल्यापासून २० सेकंदांत नवा घालायचा. तेवढाच वेळ मेमरी तग धरते. नवी बॅटरी आवरणातून काढून हाताशी ठेवा, मगच झाकण उघडा. जुन्या बॅटरीवाल्या सीमेन्स एस७-३०० मध्ये नियम नेमका उलटा आहे, तिथे बॅटरी पॉवर चालू ठेवूनच बदलायची, नाहीतर मेमरी जाते. एकाच कारखान्यात दोन्ही असतील तर दारावर मराठीत लिहून लावा.

मे महिन्याचा कागद

बंदीत कंट्रोल सप्लाय चालू ठेवावा का, हा प्रश्न निघाला होता. ठेवला तर बॅटरी झिजत नाही आणि पॅनल थोडं कोरडं राहतं. पण जूनमध्ये विजा कडाडतात आणि कारखान्यात माणूस नसतो. कॅसेट असताना तो धोका पत्करायचं कारण उरलं नाही, पॅनल पूर्ण बंदच ठेवायचं ठरलं.

त्यासाठी दारात एक कागद लावला आहे. २५ मेच्या आसपास, मशीन चालू असतानाच, डी८००५ वाचायचा आणि लिहायचा. ३३ च्या खाली असेल तर बॅटरी तेव्हाच बदलायची, जुलैची वाट पाहायची नाही. लॅपटॉप लावून पीएलसीतला प्रोग्राम ठेवलेल्या फाइलशी ताडायचा. फरक निघाला तर कुणीतरी जागेवर बदल केला आहे, तो वाचून घ्यायचा आणि तारखेच्या नावाने नवी फाइल करायची : एक प्रत मालकाच्या संगणकावर, एक पॅनलवाल्याकडे, लॅडरची छापील प्रत दाराच्या खिशात. पीएलसीला पासवर्ड असेल तर तोही मालकाकडे लिहून हवा, नाहीतर वाचनच होत नाही. प्रोटेक्ट स्विच ऑन आहे ना ते पाहायचं. मग मेन खाली.

जुलैत चढवताना क्रम असा : मोटरचे एमसीबी खाली, फक्त कंट्रोल सप्लाय वर. बॅट-व्ही विझलेला, प्रोग-ई विझलेला, रन लागलेला. स्क्रीनवर डी५०० मध्ये १२३४, डी१००० मध्ये −१००, घड्याळ बरोबर. एवढं जुळलं की अॅजिटेटरचा एमसीबी वर करायचा आणि अर्ध्या तासाने पहिला कॉम्प्रेसर.